आल्फ्रेड बिने : स्वतःच्या मोजपट्टीवर शंका घेणारा शास्त्रज्ञ

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे आप्पा ज्वारीची पोती बाजारात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांतले एक पोते गिरणीच्या काट्यावर चढवून बघतात. आडतीत गेल्यावर तेच पोते ते सर्वांत आधी मोजायला लावतात. दोन्ही वजने जुळली तर बाकीची पोती निमूटपणे काट्यावर चढतात. नाही जुळली तर वाद होतो. आप्पा चौथीपर्यंतच शिकले. परंतु गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला फळ्यावर विश्वसनीयता हा शब्द आला आणि सर त्याची व्याख्या सांगू लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आप्पांचे ते पोतेच उभे राहिले. एकच गोष्ट पुन्हा मोजली, दुसऱ्या काट्यावर मोजली, दुसऱ्या माणसाने मोजली, तरी उत्तर तेच यावे, याला शास्त्रात मापनाची विश्वसनीयता म्हणतात.

पोत्याचे ठीक आहे. पण माणसाचे मन कोणत्या काट्यावर चढवायचे? आणि तो काटा खोटा निघाला तर वाद घालायला कोणी जायचे? हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर उराशी बाळगला, त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाते. बुद्धिमापन कसोटीचे जनक आल्फ्रेड बिने, सन १९०५. एका गुणाच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरते, आणि मीही तेवढेच पाठ केले होते. पुढे त्यांच्याविषयी अधिक वाचले तेव्हा ध्यानात आले की, ती कसोटी म्हणजे या गोष्टीचा शेवट आहे. सुरुवात आहे ती एका जाहीर फजितीत. ती गोष्ट आपल्या मित्रमैत्रिणींना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस या समुद्रकाठच्या गावी झाला. त्या वेळी हे गाव सार्डिनियाच्या राज्यात होते; १८६० साली ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर होते, आई चित्रकार होती. आईवडिलांचे पटले नाही, ते विभक्त झाले, आणि या एकुलत्या एका मुलाला आईनेच वाढविले. पुढे ती त्याला घेऊन पॅरिसला आली आणि तेथील नामांकित शाळेत त्याचे शिक्षण झाले. १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, परंतु वकिली केली नाही. मग वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही अर्धवट सोडला. घरची सुबत्ता होती, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पण करायचे काय, हे मात्र ठरत नव्हते. अशा दिवसांत हा तरुण पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला आणि तेथे त्याला मानसशास्त्राची पुस्तके सापडली. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. जे काही शिकले ते पुस्तकांतून शिकले.

पुस्तकांतून शिकण्याचे जे फायदे असतात ते त्यांना मिळाले आणि तोटेही मिळाले. १८८० साली त्यांनी स्पर्शसंवेदनेवर पहिला लेख लिहिला. कातडीवर दोन टोके एकदम टेकवली, तर ती दोन आहेत हे केव्हा कळते आणि एकच आहे असे केव्हा वाटते, असा तो विषय होता. बेल्जममधील लिएज विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ देलबफ हे त्या विषयातले जाणकार. त्यांनी या लेखातील उणिवा चारचौघांत दाखवून दिल्या. दुसरा कोणी असता तर त्याने या शास्त्राचा नाद सोडला असता. बिने यांनी नाद सोडला नाही. पण त्या टीकेपासून जो धडा घ्यायचा तोही त्या वेळी घेतला नाही. हेच देलबफ पुढे पुन्हा एकदा त्यांच्या वाटेत उभे राहणार होते.

१८८३ च्या सुमारास बिने साल्पेत्रियेर या पॅरिसमधील स्त्रियांच्या मोठ्या रुग्णालयात काम करू लागले. तेथे मज्जाविकारांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ शार्को यांचा दरारा होता. संमोहन ही उन्मादाच्या रोग्यांतच आढळणारी शारीरिक अवस्था आहे, असे शार्को यांचे मत होते, आणि त्यांचे मत म्हणजे त्या इमारतीत कायदाच होता. बिने यांनी शार्लस फेरे या तरुण डॉक्टरच्या जोडीने तेथे प्रयोग सुरू केले. संमोहित स्त्रीचा उजवा हात वर उचललेला असावा, तिच्याजवळ लोहचुंबक आणावा, की उजवा हात खाली यावा आणि डावा आपोआप वर जावा! एवढेच नव्हे, तर चुंबक जवळ येताच दुःखाच्या जागी आनंद यावा, तांबड्या रंगाच्या जागी हिरवा दिसावा, असेही त्यांना आढळू लागले. दोघांनी १८८५ पासून हे निष्कर्ष मोठ्या विश्वासाने प्रसिद्ध केले आणि १८८७ साली त्यावर पुस्तकही काढले.

देलबफ यांना हे खरे वाटेना. ते स्वतः पॅरिसला आले आणि प्रयोग कसा चालतो हे शांतपणे पाहत बसले. त्यांनी काय पाहिले? चुंबक उघडपणे रोग्यासमोरच हाताळला जात होता. काय घडणे अपेक्षित आहे याची चर्चा तिच्या समोरच मोठ्याने चालली होती. प्रयोगासाठी रोगीही मोजक्याच होत्या, आणि त्या पुन्हा पुन्हा त्याच प्रयोगाला बसून सरावलेल्या होत्या. लिएजला परतल्यावर देलबफ यांनी स्वतः प्रयोग केले. काय अपेक्षित आहे हे प्रयुक्त व्यक्तीला कळू दिले नाही, की चुंबकाची सारी जादू नाहीशी होई. म्हणजे हात हलवीत होते ते लोखंड नव्हते. प्रयोगकर्त्याची अपेक्षाच हलवीत होती. मानसशास्त्रात याला सूचन म्हणतात.

बिने यांनी प्रथम रागारागाने उत्तरे दिली. आपली बाजू जितकी लंगडी तितका माणसाचा आवाज चढतो, हे आपणही पाहतो. पण हळूहळू इतर ठिकाणांहूनही देलबफ यांच्याच बाजूने निष्कर्ष येऊ लागले. १८९० च्या सुमारास बिने यांनी साल्पेत्रियेर सोडले. पुढे त्या प्रयोगांत चुका होत्या, हे त्यांनी लेखी मान्य केले. सात वर्षांचे काम पाण्यात गेले होते, आणि वय झाले होते तेहतीस.

मला वाटते, बिने यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना ही आहे. लबाडी त्यांनी केली नव्हती. त्यांना जे दिसले तेच त्यांनी लिहिले होते. अडचण एवढीच होती की, जे दिसावे असे त्यांना वाटत होते तेच त्यांना दिसत होते. लबाड माणसाला पकडता येते. प्रामाणिक माणसाच्या डोळ्यांवर आलेली झापड कोणी पकडायची?

नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही, नावाला बट्टा लागलेला, अशा काळात बिने घरी बसले. १८८४ साली त्यांचे लग्न झाले होते आणि मादलेन व अलिस या दोन लहान मुली घरात खेळत होत्या. त्यांनी मुलींकडे पाहण्यास सुरुवात केली. नाण्यांसारख्या चकत्यांचे दोन ढीग मांडून कोणता मोठा, असे विचारायचे. सुरी म्हणजे काय, असे विचारायचे. मुलगी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून ठेवायचे, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. लहान मूल वस्तूची व्याख्या तिच्या उपयोगावरून करते, हे त्यांना असेच आढळले. येथे शार्को नव्हते आणि सिद्ध करून दाखवायचा कोणताही सिद्धांत नव्हता. एकाच घरात, एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या त्या दोन मुली किती निरनिराळ्या पद्धतीने विचार करतात, हे पाहून बिने चकित झाले. मुली मोठ्या होईपर्यंत ते त्यांच्यावर प्रयोग करीत राहिले आणि १९०३ साली त्यांनी त्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात मुलींची नावे मात्र बदललेली आहेत.

१८९१ साली रुआं येथील रेल्वेच्या फलाटावर त्यांची प्राध्यापक बोनी यांच्याशी गाठ पडली. बोनी हे पॅरिसच्या सॉर्बोन येथील शरीरक्रियात्मक मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक. बिने यांनी तेथे बिनपगारी काम करण्याची तयारी दाखवली आणि बोनी यांनी त्यांना घेतले. १८९४ साली बिने त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. त्याच वर्षी त्यांनी कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून विज्ञानातील डॉक्टरेट मिळवली. १८९५ साली फ्रान्समधील मानसशास्त्राचे पहिले वार्षिक त्यांनी बोनी यांच्यासह सुरू केले. तोंडी गुणाकार करणारे गणिती, डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू यांचाही त्यांनी अभ्यास केला. पुढील काळात एका नाटककाराच्या जोडीने त्यांनी रंगभूमीसाठी थरारक नाटकेही लिहिली! मायदेशात प्राध्यापकपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही.

आता एक गोष्ट पाहा. ज्या सूचनाने त्यांचा घात केला होता, त्याच सूचनाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. पडलो तेथेच खणायचे, अशी ही जिद्द होती. १९०० साली त्यांचा सूचनक्षमतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक प्रयोग असा. शाळेतील मुलांना एकामागून एक रेघा दाखवायच्या. आरंभीची प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा लांब असते. पुढच्या रेघा मात्र सारख्याच असतात. तरीही अनेक मुले आपली रेघ वाढवीतच राहतात, कारण आता लांब रेघ येणार असे मनाने आधीच ठरविलेले असते. दुसऱ्या प्रयोगात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या काही वस्तू थोडा वेळ दाखवून मग त्यांबद्दल प्रश्न विचारले. त्यांत एक गुंडी होती आणि ती डिंकाने चिकटवलेली होती. तुला काय आठवते ते लिही, एवढेच सांगितले तर मुले कमी लिहीत, पण जे लिहीत ते बरेचसे बरोबर असे. गुंडी दोऱ्याने बांधलेली नव्हती का, असे विचारले की चुका वाढत. आणि गुंडी ज्या दोऱ्याने बांधली होती त्याचा रंग कोणता, असे विचारले की कितीतरी मुले नसलेल्या दोऱ्याचा रंग सांगून मोकळी होत. उत्तराचा खोटेपणा प्रश्नातच दडलेला होता. साल्पेत्रियेरमध्ये हेच घडले होते. फरक इतकाच की, तेव्हा बिने प्रश्न विचारणारे होते आणि त्यांना ते कळले नव्हते.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत आवडतो. त्या काळी युरोपात डोके मोठे तर बुद्धी मोठी, असा पक्का समज होता. बिने यांचाही तोच समज होता. त्यांनी शिक्षकांना वर्गातील सर्वांत हुशार आणि सर्वांत मंद मुले निवडायला सांगितले आणि त्यांची डोकी मोजली. फरक निघाला तो एखाद्या मिलिमीटरचा! मग त्यांना शंका आली की, हा मिलिमीटर तरी मुलाच्या डोक्यात आहे की माझ्या? तेओदोर सिमाँ नावाचा एक तरुण डॉक्टर मतिमंद मुलांच्या एका संस्थेत काम करीत होता. आपल्या पुस्तकांत बिने-सायमन कसोटी असे छापलेले असते, तेच हे सिमाँ. दोघांनी तेथील त्याच त्या मुलांची डोकी स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा एका मापात सिमाँ यांचे आकडे सातत्याने कमी आढळले. म्हणून बिने पुन्हा गेले आणि त्यांनी ती डोकी पुन्हा मोजली. या वेळी आपले आकडे बहुधा मोठे आले असावेत, ही शंका त्यांच्या मनात होती. आणि खरोखरच, एक सोडून सगळी डोकी दुसऱ्या वेळी लहान भरली! सरासरी तीन मिलिमीटरने. म्हणजे हुशार आणि मंद मुलांत जो फरक सापडला होता, त्याहून मोजणाऱ्याच्या मनातली घट मोठी निघाली.

आपल्यापैकी कोणी असे आकडे पाहून काय केले असते? वही मिटून ठेवली असती, किंवा दुसरी मापे खोडून टाकली असती. बिने यांनी हा सारा प्रकार आपल्याच वार्षिकात सविस्तर छापला. स्वतःच्या हाताने घेतलेली मापे विश्वासपात्र नाहीत, हे स्वतःच्याच नियतकालिकात सांगायला केवढे धैर्य लागत असेल! आणि डोकी मोजून बुद्धी मोजण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिला.

येथे आप्पांचा काटा पुन्हा एकदा आठवू. समजा एखादा काटा दर पोत्याला नेमके दोन किलो कमी दाखवतो. आज दाखवतो, उद्याही दाखवतो. तो विश्वसनीय आहे, पण खरा नाही. शास्त्रात खरेपणाला यथार्थता म्हणतात. डोक्याची मापे अगदी बिनचूक घेता आली असती, तरी ती बुद्धीची मापे ठरली नसती. पण जो काटा दर वेळी निराळेच वजन सांगतो, तो खरा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून विश्वसनीयता ही पहिली पायरी होय.

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. ज्यांच्या घरात कोणी कधी पाटी धरली नव्हती अशी हजारो मुले शाळेत आली. त्यांतली काही वर्गाबरोबर चालू शकत नव्हती. अशा मुलांची सोय कशी करावी हे ठरविण्यासाठी १९०४ साली शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला आणि त्यात बिने यांना घेतले. मूल खरोखर मतिमंद आहे, की आळशी आहे, की त्याला आजवर कोणी नीट शिकवलेच नाही, हे ओळखायचे कसे? बिने आणि सिमाँ यांनी डॉक्टरांचे दाखले तपासले, तेव्हा एकाच मुलाला एका ठिकाणी एका दर्जाचा मतिमंद आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच दर्जाचा ठरविल्याचे त्यांना दिसले. पोते एकच, काटे दोन आणि वजने दोन. मात्र येथे त्या आकड्यावर मुलाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून होते.

हे वाचताना मला माझा थोरला भाऊ आठवला. तो तिसरीत असताना, याच्या डोक्यात काही शिरत नाही, असे गुरुजींनी आप्पांना सांगितले. आमच्या घरात तोवर कॉलेज पाहिलेले कोणी नव्हते. गुरुजींच्या शब्दावर दुसरा शब्द कोणाला विचारायचा, हेच आप्पांना ठाऊक नव्हते. दादाची शाळा सुटली. दोन वर्षांनी नवे गुरुजी आले. ते एकदा संध्याकाळी घरी आले असताना दादा महिन्याच्या दुधाचा हिशेब तोंडी करीत होता. याला शाळेत का पाठवत नाही, म्हणून ते आप्पांवर रागावले. पण तोवर दादा गुरांमागे आणि शेतात पुरता गुंतला होता. मूल तेच आणि निर्णय दोन. पहिला निर्णय कोणी पडताळून पाहिला नाही, एवढेच.

१९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी आपली पहिली मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तीत सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या ३० कसोट्या होत्या. पेटलेल्या काडीकडे मूल डोळे वळवते का, ही पहिली. पुढे चित्रातील वस्तू ओळखणे, दोन रेघांतील लांब कोणती ते सांगणे, तीन अंक ऐकून म्हणून दाखवणे, वजने क्रमाने लावणे. आणि शेवटी अमूर्त शब्दांतील फरक सांगणे. घरच्या वस्तूंची व्याख्या विचारण्याचीही एक कसोटी त्यांत आहे, आणि ती पाहून मादलेन व अलिसची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु या प्रश्नांपेक्षा प्रश्न विचारण्याचे नियम मला अधिक मोलाचे वाटतात. खोली शांत असावी. मूल एकटेच असावे. ते घाबरलेले असेल तर आधी त्याला बोलते करावे. प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारावा. उत्तेजन द्यावे, पण उत्तर सुचवू नये. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपावे. हे नियम वाचताना वाटते, यातील एकेक नियम बिने यांनी आपल्या एकेका चुकीतून कमावलेला आहे. चुंबकाच्या प्रयोगात रोग्यासमोर झालेली चर्चा, गुंडीच्या दोऱ्याचा प्रश्न, दुसऱ्या वेळी लहान भरलेली डोकी, हे सारे त्या नियमांमागे उभे आहे. दोन परीक्षक निरनिराळ्या गावी बसून एकाच मुलाला तपासतील, तर त्यांचे उत्तर जुळावे, हाच या खटाटोपाचा हेतू होता.

पहिली श्रेणी साधारण ५० मुलांवर बेतलेली होती. एवढ्यावर बिने यांचे समाधान झाले नाही. १९०८ साली त्यांनी अधिक मुले तपासून तीन ते तेरा अशा वयांप्रमाणे कसोट्यांची मांडणी केली, आणि त्यातूनच मानसिक वयाची कल्पना पुढे आली. १९११ साली तिसरी आवृत्ती निघाली. तीत शाळेतील वाचन-लेखनावर अवलंबून असणाऱ्या कसोट्या त्यांनी काढून टाकल्या. एका कसोटीवरून काहीच ठरत नाही, अनेक मिळून काही सांगतात, हे ते बजावून सांगत. दरम्यान ब्रुसेल्समधील एका खासगी शाळेतल्या सुखवस्तू घरांच्या मुलांना तीच श्रेणी लावून पाहण्यात आली, तेव्हा ती मुले सरासरी सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. बिने यांची पॅरिसमधील मुले गरीब वस्तीतली होती. बिने यांनी ही गोष्ट दडवली नाही. घरात जे शब्द कानावर पडतात तेही कसोटीत उतरतात, हे त्यांनी ओळखले. आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या मुलामुलींना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

बुद्धी ही जन्मतःच ठरलेली आणि न बदलणारी वस्तू आहे, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. पॅरिसच्या एका गरीब भागातील शाळेत त्यांनी मुलांसाठी प्रयोगशाळा उघडली होती. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम तयार केले. एक खेळ असा होता की, खूण होताच साऱ्या मुलांनी पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहायचे. त्यातून लक्ष एकाग्र करण्याची सवय लागावी, ही कल्पना. मूल कोठे आहे हे कळावे ते त्याला पुढे नेण्यासाठी, वर्गाबाहेर काढण्यासाठी नव्हे, असा त्यांचा आग्रह होता.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या कसोटीचे पुढे काय झाले, हे पाहायला ते राहिले नाहीत. १९१२ साली जर्मनीत स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून नवी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक लोकप्रिय केला. पाहता पाहता एका आकड्यावरून माणसांना कायमची नावे ठेवली जाऊ लागली. गॉडर्ड यांनी तर अमेरिकेच्या बंदरावर उतरणाऱ्या, भाषाही न जाणणाऱ्या परदेशी लोकांना या कसोट्या लावल्या. सिमाँ १९६१ पर्यंत जगले. बुद्ध्यंकामुळे कसोटीच्या मूळ हेतूचाच घात झाला, असे त्यांना वाटे.

मात्र बिने यांची शंकेखोर वृत्तीही वाया गेली नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन या एकेकाळच्या लष्करी अधिकाऱ्याने ही शंका गणितात बसवली. मापे अविश्वसनीय असतील तर दोन गोष्टींतला खरा संबंधही फिका दिसतो, हे त्यांनी १९०४ साली दाखविले. कसोटीतील प्रश्न वाढवले तर विश्वसनीयता किती वाढेल, याचे सूत्र १९१० साली स्पिअरमन आणि ब्राउन यांनी स्वतंत्रपणे मांडले. ज्या कसोटीचा विश्वसनीयता गुणांक ०.५० आहे तिची लांबी तशाच प्रश्नांनी दुप्पट केली, तर तो सुमारे ०.६७ होतो. एका प्रश्नात नशीब फळते. पुष्कळ प्रश्नांत नशिबाचे चढउतार एकमेकांना मारून टाकतात. अनेक कसोट्या मिळून काही सांगतात, असे जे बिने म्हणत, त्याचेच हे गणित नव्हे काय? १९३७ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत तर एकमेकींशी पडताळता याव्यात अशा दोन समांतर कसोट्या मुद्दाम तयार करण्यात आल्या. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोट्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतल्या आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पॅरिसच्या मुलाचा काटा आपल्या मुलाला जसाच्या तसा चालणार नाही, हे त्यांनी जाणले होते.

आणि हा प्रश्न जुना झाला, असे कोणी समजू नये. २०१५ साली शंभर प्रसिद्ध मानसशास्त्रीय अभ्यास शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष सांगितलेला होता. पुन्हा करताना तो केवळ ३६ टक्क्यांत आला. यातल्या बहुतेकांनी लबाडी केली असेल असे मला वाटत नाही. साल्पेत्रियेरच्या त्या खोलीत जे घडले, तेच पुष्कळदा पुन्हा घडत असावे. फरक एवढाच की, आता पडताळणी करणारे देलबफ अनेक आहेत, आणि ही या शास्त्राच्या दृष्टीने आनंदाचीच गोष्ट आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत मी ही गोष्ट दादाला सांगितली. तो हल्ली गावातील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटार बिघडली तर तो एकदाच पाहून निदान करीत नाही. एकदा भार नसताना आणि एकदा भार देऊन चालवून बघतो. सारे ऐकून घेतल्यावर तो काही बोलला नाही, फक्त त्या फ्रेंच माणसाचे नाव त्याने पुन्हा एकदा विचारून घेतले.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. आपल्या हाती खडू येईल, हजेरीपट येईल, आणि एखाद्या मुलाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार येईल. त्या मुलाच्या घरी त्या शब्दांवर दुसरा शब्द विचारणारे कोणी नसेल. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा त्या मुलाला विचारून पाहावे, दुसऱ्या शिक्षकाला पाहायला सांगावे, आणि सर्वांत आधी आपल्या मनात काय ठरलेले आहे ते तपासावे, एवढे जरी आपण केले तरी आल्फ्रेड बिने यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल. या थोर शास्त्रज्ञाला माझे विनम्र अभिवादन.